टपावरचे बिऱ्हाड

मोटारीच्या टपावर पक्का बसवलेला, प्रवासात घडी घालून झाकलेला आणि मुक्कामाच्या जागी उलगडून शिडीने आत चढण्याजोगा केलेला जो कापडी निवारा, त्यास टपावरचा तंबू म्हणतात. आणि हा तंबू गावातल्या दुकानातून न घेता समुद्रापलीकडच्या विक्रेत्याकडून, पडद्यावर छायाचित्र पाहून, दुकानातल्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्यात मागवणे हा अलीकडच्या मध्यमवर्गीय कर्तबगारीचा एक स्वतंत्र प्रकार मानावा लागतो. वरवर पाहता हा व्यवहार पैसे वाचवण्याचा आहे. तथापि जो गृहस्थ हॉटेलात बिलाकडे न पाहता पैसे देतो, तोच या तंबूपायी महिनोन् महिने रात्री जागून अर्धा डझन विक्रेत्यांशी पत्रव्यवहार करतो, त्या जागरणांची मजुरी हिशेबात धरत नाही आणि अखेरीस किती वाचले हे सांगताना त्याचा चेहरा फुलतो. यावरून प्रस्तुत व्यवहारात खरी खरेदी बचतीच्या कथेची होते, असे अनुमान काढणे प्राप्त आहे. तंबू हा त्या कथेचा पुरावा होय. पुराव्याच्या आत झोपताही येते, ही जादा सोय.

या निवाऱ्याची वंशावळ फार लांब नाही. इटलीत १९५८ पासून असे तंबू करणारी ऑटोहोम ही कंपनी त्यातील जुन्या घराण्यांपैकी एक. पुढे पूर्व जर्मनीत ट्राबांट या चिमुकल्या मोटारीच्या टपावर बसणारे तंबू आले, आणि ज्या देशात मोटारीसाठी नाव नोंदवून दहा-दहा वर्षे थांबावे लागे, तिथे मोटार एकदा हाती आल्यावर झोपेतसुद्धा तिच्यावरून खाली उतरू नये असे लोकांना वाटले तर त्यात नवल नाही. ऑस्ट्रेलियात या प्रथेला तात्त्विक पाठबळ मिळाले, कारण तिथे जमिनीवर साप आणि मुंग्या आहेत व उत्तरेकडच्या नद्यांमध्ये मगरी आहेत; मगरींचा मुलूख ज्याच्या घरापासून दीड हजार किलोमीटरांहून दूर आहे असा मेलबर्नचा रहिवासीदेखील तंबू घेण्याचे कारण विचारले असता सर्वप्रथम मगरीचे नाव घेतो. मेलबर्न-सिडनीकडे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना तर ही कल्पना परकी वाटण्याचे कारणच नव्हते, कारण ज्वारीची राखण करण्यासाठी चार मेढी रोवून बांधलेल्या माळ्यावर त्यांच्या पणजोबांनी रात्री काढल्या होत्या. फरक इतकाच, की माळ्याचे लाकूड बांधावरचे असे आणि त्याला ट्रॅकिंग नंबर नसे.

ऑस्ट्रेलियातील खरेदीदाराचा विचार प्रस्तुत विवेचनात प्रामुख्याने केला आहे, कारण या व्यसनाची सर्व लक्षणे तिथे एकत्र पाहावयास मिळतात: लांबच लांब रस्ते, मोठ्या गाड्या, महागडी दुकाने आणि चीनपासून सरळ जलमार्ग. दुकानात समजा चार हजार डॉलरना लावलेला तंबू परदेशी बाजारपीठावर बाराशेला दिसतो. हा भाव ज्या ठिकाणी दिसतो ते अलीबाबा हे बाजारपीठ १९९९ साली हांगझौ येथे जॅक मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढले, ते मुळात कारखानदार आणि व्यापारी यांची गाठ घालून देण्यासाठी. सुट्या ग्राहकाला एकएक वस्तू विकण्यासाठी त्याच समूहाने २०१० मध्ये अलीएक्स्प्रेस हे वेगळे दालन उघडले. भाव मनासारखा पडतो तो पहिल्या ठिकाणी, आणि तिथे 'किमान मागणी' नावाची अट आडवी येते. विक्रेता ज्याच्या खाली माल द्यायला तयार नसतो ती नगसंख्या म्हणजे किमान मागणी, आणि ती पाच, दहा किंवा त्याहून अधिक असू शकते. एका कुटुंबाला दहा तंबू लागत नाहीत. त्यामुळे रात्री साडेअकराच्या सुमारास, मुले झोपल्यावर, सदर गृहस्थ आपल्या आडनावापुढे 'आउटडोअर्स' हा शब्द जोडून एका कंपनीत रूपांतरित होतो आणि कळवतो, की ही कंपनी यंदा दोनशे नगांचा विचार करीत असून तूर्त एक नमुना पाहू इच्छिते.

पलीकडची व्यक्ती, जी स्वतःला कारखाना म्हणवते परंतु पुष्कळदा कारखान्याकडून माल उचलणारी व्यापारी पेढी असते, ती या दोनशे नगांवर विश्वास ठेवल्याचे दाखवते. कारखाना नसलेला कारखानदार आणि कंपनी नसलेली कंपनी यांच्यात जो संवाद चालतो त्यातले सौजन्य मात्र अस्सल असते: दोन्हीकडून कुटुंबाची खुशाली विचारली जाते, नववर्षाच्या शुभेच्छा जातात, आणि घासाघिशीत पाच डॉलर सुटले तरी मंडईत भाव पाडून आलेल्या माणसाचे समाधान लाभते. नमुन्याचा भाव व्यापारी रिवाजानुसार घाऊक भावाहून चढा असतो. इथे बचतीच्या कथेला पहिला धक्का बसतो आणि तो पचवला जातो. या टप्प्यावर खरेदीदार एक सिद्धांतही मांडू लागतो, तो असा की दुकानातला चार हजारांचा तंबू याच कारखान्यातून निघतो आणि फरक केवळ वरच्या बिल्ल्याचा असतो. हा सिद्धांत सर्वस्वी खोटा नाही. एकाच कारखान्यातून निरनिराळ्या नावांचे तंबू बाहेर पडतात हे खरेच. परंतु कापड, चेन, बिजागऱ्या आणि माल पेटीत भरण्यापूर्वीची तपासणी ही ज्याने जेवढे मोजले त्याला तेवढीच मिळते, हा सिद्धांताचा उत्तरार्ध होय, आणि तो रात्री साडेअकराला कोणी वाचत नाही.

खरेदीदाराचा अभ्यास मात्र कमी नसतो. धाग्याची जाडी सांगणारे डेनियर हे माप, म्हणजे ९,००० मीटर लांबीच्या धाग्याचे ग्रॅममधील वजन, त्याला या काळात मुखोद्गत होते; कापडाचे दर चौरस मीटरला पडणारे वजन तो जेवताना ताटाशेजारच्या रुमालाला बोटांनी चाचपून अजमावू लागतो. सर्वांत मोठी मोहिनी पाणरोधाच्या आकड्याची. कापडावर पाण्याचा स्तंभ उभा करून, तो किती उंच झाला म्हणजे पाणी पलीकडे झिरपू लागते, हे मिलिमीटरमध्ये मोजतात, आणि जाहिरातीत बहुधा ३,००० मिलिमीटर असा आकडा असतो. मुंबईत पावसाळाभरात दोन हजारांहून काही अधिक मिलिमीटर पाऊस पडतो हे ज्याने शाळेच्या भूगोलात पाठ केले आहे, तो मनातल्या मनात असा निष्कर्ष काढतो की हा तंबू मुंबईचा अख्खा पावसाळा अंगावर घेईल आणि वर थोडा ऑक्टोबरसाठी शिल्लक ठेवील. एक माप पडलेल्या पाण्याचे आहे आणि दुसरे दाबाचे, त्यामुळे ही वजाबाकी करता येत नाही. शिवाय चाचणी अखंड कापडाची होते, आणि तंबू म्हटला की शिवण आली, शिवण म्हटली की सुईची भोके आली. पाऊस अखंड कापडावर वेळ दवडत नाही.

वजनाच्या प्रकरणात दोन संज्ञा लक्षात घ्याव्या लागतात. मोटार धावत असताना तिच्या टपाने पेलायचा भार तो गतिमान भार, आणि मोटार उभी असताना पेलायचा तो स्थिर भार; धावताना ब्रेक, वळणे आणि खड्डे यांचे हिसके बसत असल्याने पहिला दुसऱ्याहून बराच कमी ठरवलेला असतो, आणि अनेक साध्या मोटारींच्या पुस्तिकेत तो ७५ किलोच्या आसपास असतो. यात कॅरियरच्या दांड्यांचे वजनही धरायचे असते. विक्रेत्याच्या पानावर तंबूचे वजन ५५ किलो लिहिलेले असते. ते शिडी, गादी आणि पेटी वगळून आहे हे, ती तिन्ही खांद्यावर घेतल्यावर कळते. हा विषय कुटुंबात नाजूक ठरतो, कारण 'टपाला किती झेपेल' या शास्त्रीय प्रश्नाचे उत्तर काढण्यासाठी घरातील प्रत्येकाचे वजन विचारणे भाग पडते, आणि विवाहसंस्थेत हा प्रश्न यापूर्वी कुणी आकडेवारीसाठी विचारलेला नसतो.

यानंतर माल निघतो. आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ साली प्रथम प्रसिद्ध केलेल्या आणि वेळोवेळी सुधारलेल्या व्यापारी अटींपैकी एफओबी या अटीचा अर्थ असा, की माल विक्रेत्याच्या देशातील बंदरात जहाजावर चढला की विक्रेत्याची जबाबदारी संपली; खरेदीदाराचे शिक्षण तिथून पुढे सुरू होते. विमानाने किंवा कुरियरने आणावा तर आकारमानी वजन आडवे येते: पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५,००० ने भागले असता जे किलो येतात ते, प्रत्यक्ष वजनाहून अधिक असल्यास, कुरियरवाला धरतो. १४० बाय १२० बाय ३० सेंटिमीटरच्या पेटीचे असे वजन १०० किलोच्या वर जाते, म्हणजे तंबूचे भाडे द्यायचेच, वर पेटीतल्या हवेचेही द्यायचे. म्हणून समुद्रमार्ग. तिथे इतरांच्या मालाबरोबर कंटेनरात जागा घ्यायची सोय असते आणि तिचा दर घनमीटरवर ठरतो. उपरोक्त पेटी भरते ०.५०४ घनमीटर, पण सामान्यतः आकारणी किमान एका घनमीटराची होते. अर्धा घनमीटर फुकट जातो आहे ही जाणीव कोणत्याही मराठी माणसास स्वस्थ बसू देत नाही. परिणामी दुसरा तंबू मागवण्याचा विचार पुढे येतो, आणि दोन तंबूंचे घनफळ १.००८ घनमीटर होते हे कळल्यावर त्या शेवटच्या ०.००८ साठी विक्रेत्याशी आठवडाभर वाटाघाटी चालतात.

समुद्रावरचे भाडे आश्चर्य वाटावे इतके थोडे असते, आणि त्याचे रहस्य पलीकडच्या बंदरात उलगडते. पेटी मेलबर्नला उतरली की बंदराचा आकार, कंटेनर उघडून माल वेगळा करण्याचा आकार, माल सोडण्याच्या कागदाचा आकार, सीमाशुल्काचे कागद भरणाऱ्या दलालाची फी आणि गोदामात ठरावीक दिवसांहून अधिक राहिल्यास दिवसागणिक भाडे, अशी बिले एका मागोमाग एक येतात. मालाची किंमत एक हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आत असेल तर वस्तू व सेवा कर १ जुलै २०१८ पासून विक्रीच्या वेळीच बाजारपीठाकडून घेतला जातो. त्यावर गेल्यास तो सीमेवर द्यावा लागतो, आणि तो नुसत्या किमतीवर नसून किंमत, शुल्क, वाहतूक आणि विमा यांच्या बेरजेवर दहा टक्के असतो. काही विक्रेते आपण होऊन विचारतात, की बिलावर किंमत किती लिहू. या उदारपणाला भुलून नव्वद डॉलर लिहून घेणे हा गुन्हा आहेच, परंतु त्यात एक काव्यगत न्यायही आहे, कारण पेटी हरवल्यास भरपाई मागताना त्याच नव्वद डॉलरांचे बिल पुढे करावे लागते. लाकडी पेटीवर उष्णता किंवा धुरीची प्रक्रिया झाल्याचा आंतरराष्ट्रीय शिक्का नसेल तर जैवसुरक्षा विभाग तिला अडवतो. किड्यांच्या बाबतीत ऑस्ट्रेलिया सरकार माणसांइतकीच कडक चौकशी करते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण लिहिणाऱ्याला सागरी मालवाहतुकीचे ज्ञान असले पाहिजे.

पेटी घराच्या दारात येत नाही. ती दारासमोरच्या पदपथावर येते, आणि ट्रकचालक ती हातगाडीवरून ढकलून सही घेऊन निघून जातो. पुढचा देखावा जवळून पाहण्याजोगा आहे. पुठ्ठ्याचा एक कोपरा दबलेला असतो, म्हणून घरधनी पुढे विक्रेत्याला दाखवता यावे यासाठी पेटी उघडण्याचे चित्रीकरण करायला मुलाला उभे करतो, आणि मुलगा पहिली दहा मिनिटे वडिलांच्या पाठीचे चित्रीकरण करतो. आवरण फाडताच रबर आणि रॉकेल यांच्या मधला एक वास बाहेर येतो, जो पुढे दोन सहलींपर्यंत उशांना येत राहतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बोल्ट, नट, वायसर आणि कॅरियरला आवळायच्या पट्ट्या असतात. आठ मिलिमीटरच्या बोल्टला तेरा नंबरचा पाना लागतो, तसे दोन पाने पेटीत दिलेले असतात आणि दोन्ही बिस्किटाच्या पत्र्याचे असावेत तसे वाकतात. माहितीपत्रकात एकच आकृती असते आणि तिच्यात दोन चेहरे नसलेली माणसे तंबू डोक्यावर घेऊन हसतमुखाने उभी असल्याचा भास होतो. प्रत्यक्षात चार शेजारी लागतात. ते चौघे येतात, तंबू वर चढतो, आणि त्यांतील प्रत्येक जण उतरताना तोच एक प्रश्न विचारतो, की कितीला पडला.

उत्तरात बाराशे असे सांगितले जाते. हा आकडा खोटा नाही. तो फक्त हांगझौच्या बाजूचा आहे. बंदरापासून पदपथापर्यंत जी बिले आली ती एका वेगळ्या फायलीत असतात, आणि त्या फायलीचे अस्तित्व घरात एकाच माणसाला ठाऊक असते.

तंबू कसा वापरावा याविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. सूतमिश्रित कॅनव्हासचा तंबू पहिल्या सहलीपूर्वी अंगणात उभारून नळीने भिजवावा आणि सुकवावा, असे दोन-तीन वेळा करावे लागते, म्हणजे धागे फुगून सुईची भोके बुजतात. ज्याच्यात पाणी शिरू नये म्हणून एवढा खटाटोप केला त्याच्यावर मालकाने स्वतः नळी धरून उभे राहणे हे दृश्य शेजाऱ्यांना समजावून सांगता येत नाही. थंडीच्या रात्री आत झोपलेल्यांच्या श्वासातील वाफ गार कापडावर आणि गादीखाली साचते, आणि पहाटे ती ठिबकू लागली की पाणरोधाच्या आकड्याचा फेरविचार सुरू होतो, कारण बाहेर पाऊस पडलेला नसतो. रात्री उतरण्याची गरज भासल्यास शिडी काळोखात पायाने शोधावी लागते. परंतु या वास्तूचा मूलभूत दोष परदेशी किंवा देशी, स्वस्त किंवा महाग अशा सर्वच नमुन्यांत आढळतो, तो असा की सकाळी चहाला दूध नाही असे लक्षात आले तर दूध आणायला मोटार लागते, मोटार हलवायची तर घर मोडावे लागते, आणि घर मोडायचे तर ज्याला दूध हवे आहे त्याला आधी उठवावे लागते.

दोष निघाला तर काय होते हेही पाहिले पाहिजे. चेन अडकते, किंवा शिडीचा मधला खटका बसत नाही. हमीपत्रात एक वर्ष लिहिलेले असते, पण माल परत पाठवण्याचा खर्च खरेदीदाराचा, आणि तो खर्च तंबूच्या किमतीच्या जवळपास जातो. मग छायाचित्रांची देवघेव होते. विक्रेता अत्यंत आस्थेने आणखी एक छायाचित्र, यावेळी दिवसाच्या उजेडात, मागतो, आणि अखेर वीस डॉलर परतावा व पुढच्या मागणीबरोबर एक चेन फुकट, असा तोडगा निघतो. या वाक्यातील 'पुढच्या मागणीबरोबर' हे शब्द विक्रेत्याच्या व्यवसायज्ञानाची साक्ष देतात. दरम्यान त्या पानावर खरेदीदाराने पाच तारे दिलेले असतात, कारण अभिप्राय पेटी पोहोचली त्याच संध्याकाळी मागितला गेला होता आणि तेव्हा पुठ्ठा खरोखरच मजबूत वाटला होता.

महाराष्ट्रात राहणाऱ्या नातलगांना या अनुभवापासून वंचित राहावे लागते. भारत सरकारने २४ नोव्हेंबर २०२० रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली ज्या ४३ ॲपवर बंदी घातली त्यांत अलीएक्स्प्रेस होते. आणि परदेशातून भेटवस्तू म्हणून शुल्कमाफीत माल आणण्याची जी वाट होती ती त्याआधीच, डिसेंबर २०१९ मध्ये, जीवरक्षक औषधे आणि राखी एवढे अपवाद ठेवून बंद करण्यात आली. मेलबर्नच्या बहिणीने पुण्याच्या भावाला राखी पाठवली तर ती शुल्काविना येते, हे सरकारचे औदार्य मान्य केले तरी साठ किलोची राखी कस्टम्सच्या टेबलावर टिकणार नाही.

प्रवासाची हौस फिटली असे मानायला फारसा आधार नसतो, कारण टपावर तंबू असलेली मोटार वर्षातले बहुतेक दिवस कचेरीच्या आवारात उभी दिसते आणि वाहनतळाच्या कमी उंचीच्या दारातून आत शिरत नसल्याने रस्त्यावर पैसे भरून उभी असते. कथा मात्र चांगलीच फिरते. गणेशोत्सवाच्या जेवणात, वरणभाताच्या रांगेत, बाराशेचा आकडा एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जातो, आणि रात्रीपर्यंत व्हॉट्सॲप गटावर एकत्र मागणीची यादी सुरू होते. दहा नग घेतले तर किमान मागणीही भरते आणि भाव नऊशेवर येतो. ज्याने पूर्वी एक तंबू आणला त्याच्याकडे नेतृत्व आपोआप येते. ऑस्ट्रेलियाच्या ग्राहक कायद्यानुसार, परदेशी उत्पादकाचे देशात कार्यालय नसेल तर माल आयात करणाऱ्यालाच उत्पादक समजले जाते, त्यामुळे हा व्यवहार धंदा म्हणून केला तर दहा चेनी आणि दहा शिड्या यांचा जाब त्या गृहस्थाला द्यावा लागेल, ही गोष्ट गटातील एक वकील मेहुणा निदर्शनास आणतो. त्यावर अंगठा दाखवणारी सात चित्रे येतात आणि यादी पुढे सरकते. नऊ नावे भरतात. दहावे नाव ज्याचे घालण्यात येते त्याच्याकडे मोटार नाही, तो ट्रामने फिरतो. परंतु नऊशे डॉलर हा भाव पाहता केवळ मोटार नाही म्हणून तंबू सोडणे शहाणपणाचे ठरणार नाही, यावर गटात एकमत होते.